विमानासाठी ट्रायपॉड जॅक निवडताना: टनांच्या आधी उंची

जॅक घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न टनांचा विचारतो. २० टनी पुरेल, की ३५ टनी घेऊ? माझी बरीच वर्षं हँगरमध्ये, जॅकच्या आसपास गेली आहेत. फसलेल्या खरेद्या मी पाहिल्या त्यांतल्या बहुतेक टनांवर नव्हे, उंचीवर फसल्या होत्या. जॅक विमानाखाली शिरतच नाही. किंवा शिरतो, पण चाकं जमीन सोडण्याआधीच रॅम, म्हणजे जॅकमधला वर सरकणारा दांडा, संपतो. मग तो महागडा जॅक कोपऱ्यात उभा राहतो आणि दर वेळी दुसरीकडून जॅक मागवावा लागतो.

पण त्याही आधी एक प्रश्न: तुम्हाला ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांचा उंच जॅक, खरंच हवाय का?

ॲक्सल जॅक की ट्रायपॉड

टायर बदलणं, ब्रेक बदलणं एवढंच तुमचं रोजचं काम असेल, तर ॲक्सल जॅक पुरतो. तो बुटका असतो, चाकाच्या आसाखालच्या जॅक पॅडवर लागतो आणि एकच पाय जेमतेम टायर सुटेल इतका वर घेतो. बाकीचं विमान स्वतःच्याच चाकांवर उभं असतं. एक-दोन माणसं हे काम उघड्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, करू शकतात.

ट्रायपॉडचं काम तिथून पुढे सुरू होतं. लँडिंग गिअर (चाकांचे पाय) आत-बाहेर करून बघायचंय, अख्खा गिअर बदलायचाय, विमान समपातळीत आणून मोजमाप घ्यायचंय, लोड सेल (भार मोजणारं उपकरण) लावून वजन करायचंय किंवा ढाच्याची मोठी दुरुस्ती आहे, तेव्हा अख्खं विमान जमिनीपासून उचलावं लागतं. त्यासाठी कमीत कमी तीन जॅक लागतात. एकटा ट्रायपॉड घेणारे लोक मला भेटले आहेत. एक घेऊन काम होत नाही, संच घ्यावा लागतो. वजन करणं हे एकच कारण असेल, तर चाकांखाली ठेवायच्या वजनकाट्यांचाही विचार करा. त्यांवर विमान नुसतं ओढून चढवता येतं.

टनांचा हिशेब, आणि त्यातला सापळा

समजा, जॅकवर घ्यायचं विमान ४५ टनांचं आहे. जॅक तीन, म्हणून प्रत्येकी १५ टन, म्हणून २० टनी जॅक भरपूर झाले, असं वाटतं. इथेच चूक होते.

विमानाला जॅक जिथे लावायचा त्या ठरलेल्या जागा म्हणजे पॉइंट. पंखांखालचे दोन पॉइंट जोडणारी रेषा कल्पना करून ओढा. नाकाजवळचा पॉइंट तिच्या १२ मीटर पुढे आणि विमानाचा गुरुत्वमध्य तिच्या १.२ मीटर पुढे आहे, असं धरू. नाकाच्या जॅकवर येणारा भार ४५ गुणिले १.२ भागिले १२, म्हणजे फक्त साडेचार टन. उरलेले साडेचाळीस टन पंखांखालच्या दोघांवर, प्रत्येकी सव्वावीस टन. बेरजेत ६० टनांचा संच, आणि तरीही दोन जॅक क्षमतेच्या बाहेर. त्यामुळे पंखांखालचे दोन मोठे आणि तिसरा लहान असा संच घेणं शहाणपणाचं असतं. तीन एकसारखे घेण्यात पैसा जातो आणि नाकाखाली नको तेवढं धूड येऊन बसतं.

दुसरी गोष्ट, गुरुत्वमध्य एका जागी राहत नाही. पंखांखालचं इंजिन पंखाच्या पुढे लटकलेलं असतं. ते उतरवलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो. इंधन किती आणि कुठल्या टाकीत आहे, त्यावरही तो हलतो. वरच्या उदाहरणात तो त्या रेषेच्या मागे गेला, तर नाक जॅकवरून उचललं जाईल आणि विमान शेपटीवर बसेल. त्यासाठी मॅन्युअल कुठे शेपटीखाली स्टँड मागतं, कुठे नाकाला वजन बांधायला सांगतं. एअरबस ए३२० मध्ये नाकाजवळ एक आणि पंखांखाली दोन पॉइंट, शिवाय मागच्या बाजूला सेफ्टी स्टे (आधाराचा स्टँड) अशी मांडणी आहे. बोईंग ७३७ मध्ये पंखांखालच्या दोघांचा जोडीदार मागे, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पोटाखाली येतो. म्हणजे एका विमानासाठी घेतलेला नाकाचा जॅक दुसऱ्या विमानाच्या शेपटीला लागेलच असं नाही. ताफ्यात दोन्ही जाती असतील, तर तिसऱ्या जॅकचा विचार पूर्ण वेगळा करा.

उंची: तीन आकडे मागा

विक्रेत्याच्या पत्रकात 'कमाल उंची' ठळक छापलेली असते. त्या एका आकड्यावर जाऊ नका. बंद उंची (रॅम पूर्ण आत असतानाची), हायड्रॉलिक स्ट्रोक (तेलाच्या दाबाने रॅम जेवढा वर येतो ते अंतर) आणि वरच्या स्क्रूची लांबी असे तीन आकडे वेगवेगळे मागा. स्क्रू हा रॅमच्या माथ्यावर हाताने फिरवून वर काढायचा असतो, पॅडला भिडेपर्यंत. भार आल्यावर तो फिरत नाही, म्हणजे तो रिकामं अंतर भरतो, विमान उचलत नाही. उचलतो तो फक्त हायड्रॉलिक स्ट्रोक. पत्रकातल्या कमाल उंचीत मात्र तिन्हींची बेरीज असते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विमान नीट उभं असताना पंखाखालचा पॉइंट ३०० सेंटिमीटरवर आहे. टायर बसला आणि गिअरचा ऑलिओ (पायातला धक्के झेलणारा, लांब-आखूड होणारा भाग) दबून गेला, तर तोच २७० वर येतो. मध्ये जॅक पॅड लागणार, त्याची जाडी वजा करा. जॅकची बंद उंची याहूनही कमी हवी, कारण जॅक ढकलत आत न्यायला थोडी फट लागते. हे झालं खालचं टोक. वरचं टोक याहून फसवं. विमान उचलायला लागलं की ऑलिओ हळूहळू लांब होत जातो. विमानाचं पोट वर जातं, चाकं मात्र तिथेच असतात. ऑलिओ ३५ सेंटिमीटर उघडत असेल, तर तेवढं उचलेपर्यंत चाकं जमीन सोडतच नाहीत. त्यानंतर गिअर फिरवायला मोकळी जागा हवी, ती १५ धरू. म्हणजे पॉइंट ३५० पर्यंत जायला हवा. २७० पासून ३५० पर्यंत, ८० सेंटिमीटर, आणि तेही बहुतांश हायड्रॉलिकवर.

हे मी कागदावर शिकलो नाही. आमच्याकडे एक विमान दबलेल्या ऑलिओसकट आलं होतं. एरवी सहज आत जाणारा जॅक पंखाखालच्या पॉइंटला चार बोटांनी अडला. आधी ॲक्सल जॅकने तो पाय वर घ्यावा लागला, तेव्हा कुठे ट्रायपॉड जागेवर गेला. अर्धा दिवस त्यात गेला. जॅक खरेदी करताना कोणीतरी नीट उभ्या विमानाखाली टेप धरून माप घेतलं होतं, एवढंच कारण.

एकेरी रॅम की टेलिस्कोपिक

उंचीचा हा पेच सोडवायला टेलिस्कोपिक रॅम असतो. नळीत नळी, त्यामुळे बंद असताना बुटका आणि उघडल्यावर उंच. खाली पंख असलेल्या विमानांना बहुधा हाच लागतो. पण त्याची किंमत वापरात मोजावी लागते.

आकडे बघा. पहिल्या नळीचा व्यास १४० मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळ साधारण १५४ चौरस सेंटिमीटर. दुसरीचा १००, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर. २० टन उचलताना पहिल्या नळीवर दाब दर चौरस सेंटिमीटरला १३० किलोच्या आसपास असतो, दुसरीवर तोच २५५ वर जातो. आणि पंप तेवढंच तेल देत असल्याने दुसरी नळी सुरू होताच जॅक जवळजवळ दुप्पट वेगाने वर येतो. तीन जॅकांपैकी एकाची नळी आधी बदलली, तर विमान त्या बाजूला वर जाऊन कलतं. सवयीचा माणूस त्या क्षणाची वाट बघतो, हात हळू करतो आणि ओळंब्याकडे नजर ठेवतो. नव्या टोळीला हे आधी सांगून, एकदा रिकाम्या जॅकवर दाखवून मगच विमानाला हात लावू द्यावा.

शिवाय तेल अडवणारी सीलं जास्त, लॉक नट (त्यांच्याबद्दल पुढे) जास्त, आणि नळ्यांच्या सांध्यात थोडा खेळ. तुमच्या विमानाचे पॉइंट उंचावर असतील आणि एकेरी रॅममध्ये काम भागत असेल, तर माझं मत एकेरीच्या बाजूने.

लॉक नट

माझ्या लेखी जॅकमधला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. हायड्रॉलिक फक्त सील धरून आहे तोवर धरतं. सील गेलं, नळी फुटली, कोणाच्या पायाने व्हॉल्व्ह उघडला, तर विमान लॉक नटवर थांबतं. म्हणून रॅम वर जाताना नट त्याच्या पाठोपाठ खाली फिरवत राहायचं, सिलिंडरच्या माथ्यापासून अगदी थोडी फट ठेवून. उतरवताना उलट, नट आधी थोडा वर, मग रॅम तेवढाच खाली.

साध्या जॅकमध्ये हा नट हाताने फिरतो. काही मोठ्या जॅकांत हवेच्या मोटरीने फिरतो. विकत घेताना बघायचं ते हे की नट नेमका किती उंचीवर आहे. बंद उंची अडीच मीटर असेल, तर नट तिथेच, डोक्याच्या वर. जॅकच्या पायाला पायऱ्या किंवा उभं राहायला फळी आहे का? नसेल, तर माणूस शिडी लावेल, दमेल, आणि नट मागे राहत जाईल. टेलिस्कोपिकमध्ये दुसरा नट तर रॅमबरोबर आणखी वर जातो. उंच जॅकसाठी मी हवेच्या नटाला जास्त पैसे द्यायला तयार आहे. दुसऱ्या कुठल्या सोयीसाठी इतक्या सहज तयार होणार नाही.

पंप

हातपंपाचं गणित घामाचं आहे. १०० मिलिमीटरचा रॅम ८० सेंटिमीटर वर न्यायला सव्वासहा लिटरच्या वर तेल लागतं. हँडलच्या एका हाताला २० घन सेंटिमीटर तेल जात असेल, तर तीनशेहून जास्त हात, आणि तेही तिन्ही जॅकांवर एका तालात. तरी हातपंपाला एक मोठा गुण आहे: मिलिमीटरभर उचल हवी तर मिलिमीटरभर मिळते, आणि आवाज नसल्याने मधोमध उभ्या माणसाची हाक सगळ्यांना ऐकू जाते.

दाबाच्या हवेवर चालणाऱ्या पंपाने काम झटपट होतं, पण त्याच्या खडखडाटात 'थांबा' ऐकू येत नाही. हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. हवेच्या लाइनीत पाणी येत असेल तर पंप लवकर कुरकुरतो, म्हणून फिल्टर हवाच. विजेवर चालणारे, एकाच पॅनेलवरून तिन्ही-चारही जॅक सोबत नेणारे संच मोठ्या विमानांसाठी आहेत. ते प्रत्येक जॅकवरचा भार दाखवतात आणि फरक वाढला की थांबतात. छोट्या हँगरला हा खर्च झेपणार नाही आणि गरजही नाही.

कोणी काय घ्यावं

सेसना १७२ सारख्या टनभराच्या विमानाला साधे, हातपंपाचे, एकेरी जॅक आणि शेपटीला वजनदार स्टँड. यावर जास्त विचार नको. एटीआर ७२ ची उड्डाणाची कमाल मर्यादा २३ टनांच्या आसपास, पण पंख वर असल्याने पॉइंट कुठे आहेत हे मॅन्युअलमध्ये बघूनच उंची ठरवा. इथे अंदाज हमखास चुकतो. ए३२० आणि ७३७ च्या वर्गात पंखांखाली टेलिस्कोपिक, हवेचा पंप आणि जोडीला हातपंप, अशी माझी निवड. हवा गेली तर विमान अर्ध्यात लटकत ठेवता येत नाही. बोईंग ७७७ सारख्या विमानासाठी सुटे जॅक जमवत बसण्यापेक्षा एकत्र चालणारा संचच घ्या.

फरशी हा जॅकचाच भाग समजा. २० टन तीन पायांवर म्हणजे प्रत्येक पायावर पावणेसात टनांच्या जवळपास. पायाची पाटी २० बाय २० सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७ किलो. चांगलं काँक्रीट हे झेलतं, उन्हात मऊ झालेलं डांबर झेलत नाही. पायांचा पसाराही मोजा, कारण गिअर आत-बाहेर होताना त्याचे दरवाजे जॅकच्या पायाला लागले तर सगळी मेहनत वाया. भार आला की स्प्रिंगवरची चाकं आपोआप वर जाऊन पाट्या टेकतात की नाही, हेही चालवून बघा.

नवा की वापरलेला

वापरलेला ट्रायपॉड वाईट नसतो. पोलाद दशकं टिकतं, सील टिकत नाही. नव्या सीलचा आणि लोड टेस्टचा खर्च किमतीत धरा आणि मगच तुलना करा. युरोपात या जॅकांसाठी ईएन १२३१२-१९ हे मानक आहे. कागदांत त्याचा किंवा तुमच्याकडे लागू असलेल्या मानकाचा उल्लेख आणि जॅकवरच्या पाटीशी जुळणारा क्रमांक शोधा. आत कुठलं तेल आहे ते विचारा. बहुतेक जॅकांत लाल खनिज तेल असतं. कोणी चुकून स्कायड्रॉल, म्हणजे विमानाच्या हायड्रॉलिकमधलं तेल, ओतलं असेल, तर नायट्राइल रबराची सीलं फुगून खराब होतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

मग रॅम पूर्ण वर काढा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि नख फिरवत खाली या. क्रोमवर गंजाचा खड्डा असेल तर नखाला लागतो, आणि तोच पुढे नवं सील फाडतो. शेवटी लॉक नट वरपासून खालपर्यंत नुसत्या हाताने फिरवा. मध्ये कुठेही अडखळला आणि विक्रेता पाना शोधायला लागला, तर तो जॅक घेऊ नका.