डबघाईतल्या चेनचा शेअर अन् तिचंच धरमपेठेतलं दुकान

नाव नाही लिहीत, पण ही किराणा सुपरमार्केटची चेन सध्या दुकानं बंद करून कर्ज कमी करून राहिली. मी शेअर स्वस्त वाटला म्हणून घेतला अन् मग नागपुरात धरमपेठेतल्या तिच्याच दुकानात गेलो, खरं तर आधी जायला पाहिजे होतं. अर्धे रॅक रिकामे, तेल-डाळ आहे पण साबणाचे दोनच ब्रँड, म्हणजे सप्लायर उधारीवर माल देऊन नाही राहिले असं मले तरी वाटलं, बॅलन्सशीटमध्ये हे एवढं साफ दिसत नाही. एसी बंद. बिलिंगवरची ताई मात्र एवढ्या उकाड्यातही हसून बोलली, तिच्या नोकरीचीच काळजी वाटते बाप्पा.

बिग बझारवाली कंपनी फ्यूचर रिटेल आठवा, जुलै २०२२ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली अन् जुलै २०२४ मध्ये एनसीएलटीनं, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणानं, लिक्विडेशनचा (कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकायचा) आदेश दिला. आयबीसी म्हणजे दिवाळखोरीचा कायदा, त्याच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटायची रांग ठरली आहे, कामगार अन् बँका वर, साधे शेअरवाले सगळ्यात शेवटी. अन् नवा मालक आला, कंपनी वाचवायचा प्लॅन मंजूर झाला, तरी जुने शेअर रद्द होऊ शकतात, दुकान चालू राहते पण आपल्या हाती काहीच नाही, हे खूप जणांना माहीतच नसते!

मी अर्धे विकले. बाकीचे ठेवले, कारण जास्त भाड्याची दुकानं बंद करणं बरोबरच आहे. दुकानाला ५ पैकी ३, शेअरला १.