आठ महिने: कानांनी आणि चित्रांतून वाचलेल्या कादंबऱ्या

डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढला आणि गेल्या ऑक्टोबरात आईचं वाचन बंद झालं. सीताबर्डीच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणणारी बाई ती. नुसती खिडकीत बसलेली पाहवेना, म्हणून पुस्तकं ऐकवणाऱ्या एका अॅपची वर्षाची वर्गणी भरली.

सुरुवात 'श्यामची आई'ने केली. पहिलं रेकॉर्डिंग दोन दिवसांत बंद केलं. वाचणारा वाक्यावाक्याला रडवेला, मागे सतत बासरी. दुसरीकडे एका बाईंनी साधं, सरळ वाचलेलं सापडलं आणि पुस्तक जिवंत झालं. साने गुरुजींनी हे १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पण त्याची घडण सांगण्याऐकण्याचीच आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. आम्हीही जेवणं आटोपली की एकच रात्र लावायचो. एकदा ओळीने चार ऐकल्या, तर दुसऱ्या दिवशी दोघींनाही एकही नीट आठवेना. न्हाऊन झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि त्याची आई आपले ओचे धोंड्यावर पसरते, तिथे माझी आई म्हणाली, "थांबव वं जरा." त्या रात्री पुढचं लावलं नाही. हा प्रसंग मी शाळेत परीक्षेसाठी पाठ केला होता. ऐकला तो आत्ता, पंचेचाळिशीत.

मे महिन्यात कूलरच्या घरघरीत शब्द हरवायचे. हेडफोन आईला सोसत नाहीत. उशाशी छोटा स्पीकर ठेवला आणि वेग किंचित कमी केला, तेव्हा जमलं.

अॅपबद्दल खरी तक्रार एकच आहे. संक्षिप्त आवृत्ती आहे हे ठळक लिहीत नाहीत. एक जाडजूड कादंबरी अडीच तासांत संपली. आईने ती पूर्वी दोनदा वाचलेली. "काऊन वं, मधलं कुठं गेलं?" तिचा चेहरा उतरला होता. तेव्हापासून मी आधी एकूण तास बघते, मग पाच मिनिटांचा नमुना तिला ऐकवते.

चित्रांचा अनुभव मुलाकडून. तो आठवीत आहे. त्याला डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'चं चित्ररूप आणून दिलं. चित्रं म्हणजे पातळ केलेलं साहित्य, असं मी मानत होते. पण ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः आली तेव्हाच तिच्यासोबत जॉर्ज क्रुकशँकची चित्रं छापली जात होती. वाडगं पुढे करून आणखी पेज मागणारं पोर तेव्हाच्या वाचकांनीही चित्रात पाहिलं. मुलाला अनाथांचं ते घर, त्या काळचे कपडे, लंडनच्या गल्ल्या समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. गेलं ते डिकन्सचं निवेदन. गरिबांना उपाशी ठेवणाऱ्या मंडळींना तो ज्या धारदार शब्दांत सोलून काढतो, ते फुग्यांतल्या संवादांत मावत नाही. म्हणून आता मेट्रोने शाळेत जाताना तो मूळ इंग्रजी ऐकतो. चेहरे ओळखीचे असल्यामुळे अवघड वाक्यांना अडत नाही.

सध्या घरी 'मृत्युंजय' सुरू आहे. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज एकच, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. घरातली जुनी प्रत मांडीवर घेऊन बसते आणि भाग बदलला की आईला आधी नाव सांगते.