बुश लॉयरचं रोप: घेण्याआधी नर की मादी ते विचारा

न्यूझीलंडच्या जंगलातली ही काटेरी वेल. माओरी नाव तातारामोआ, शास्त्रीय नाव रुबस सिसॉइडिस, ब्लॅकबेरीची भाऊबंदच. देशी झाडांच्या नर्सरीत मिळणारं रोप बागेसाठी घ्यावं असंच आहे. तक्रार लेबलाबद्दल: उंची, ऊन, पाणी सगळं लिहितात, रोप नर की मादी एवढंच अनेकदा लिहीत नाहीत.

नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेलींवर येतात. एकच रोप लावलं तर वसंतात पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस येतील, पण नारिंगी-लाल फळ धरणार नाही. बियांपासून केलेलं रोप फुलेपर्यंत कळत नाही आणि त्यात काही वर्षं जातात. म्हणून फळं हवी असतील तर माहितीच्या नर आणि मादी वेलींच्या छाट कलमांपासून केलेलीच रोपं मागा. दोन रुपये जास्त पडले तरी चालेल.

कुंडीतून रोप काढून मुळं बघा. गोल गोल गुंडाळलेली असतील तर लावताना हलक्या हाताने मोकळी करा, नाहीतर वेल वर्षभर तशीच बसून राहते. लागवड न्यूझीलंडच्या शरदात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, खोली कुंडीएवढीच. बुंधा सावलीत, शेंडा उन्हात. चिकणमातीत पाणी साचलं की मुळं कुजतात. तिथे उंचवटा करून लावा. आच्छादन ७-८ सेंमी, पण खोडाला टेकू देऊ नका.

काटे देठाच्या आणि पानाच्या मधल्या शिरेच्या मागच्या बाजूला असतात, बारीक आणि उलटे वळलेले. बाही अडकली की ओढू नका, आणखी रुततात. हात आला त्याच दिशेने मागे न्या, आकडा आपोआप सुटतो. ‘लॉयर’ म्हणजे वकील, हे नाव या पकडीवरूनच. त्यामुळे पायवाटेपासून निदान दीड मीटर लांब लावा. छाटताना चामडी हातमोजे आणि चष्मा हवाच.

सगळ्यात मोठी चूक छाटणीत होते. ब्लॅकबेरीच्या फळून गेलेल्या काठ्या जमिनीपासून कापतात, तसं इथे करायचं नाही. हिचं खोड लाकडासारखं टणक आणि कायमचं असतं. जंगलात ते मनगटाहून जाड होतं. नराची फुलं गेल्यावर आणि मादीची फळं संपल्यावर फक्त बाजूच्या फांद्या आखडत्या घ्या.