अंबडमधील प्लॅनो मिलिंगची जॉबवर्क सेवा : घरी बांधलेल्या सीएनसी राउटरच्या निमित्ताने

घरच्या गॅरेजमध्ये जड सांगाड्याचा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार कटर फिरवून लाकूड-धातू कोरणारे यंत्र, बांधायला घेतलेल्या माणसाला आज जवळजवळ सर्व काही तयार मिळते. यंत्राची गाडी जिच्यावरून सरकते ती लिनियर रेल, गाडीला पुढे-मागे ढकलणारा बॉल स्क्रू, तो फिरवणारी स्टेपर मोटर आणि तिचा ड्रायव्हर, कटर फिरवणारा स्पिंडल आणि त्याचा वेग सांभाळणारी व्हीएफडी ही सगळी सामग्री खोक्यांतून घरपोच येते. खोक्यातून येत नाही ती एकच गोष्ट, म्हणजे ही रेल ज्यावर बसवायची तो सपाट, सरळ आणि एकाच पातळीतील पृष्ठभाग. तो कोणाकडून तरी करून घ्यावा लागतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्याने माझ्यासाठी हे काम केले, त्याच्या सेवेचे हे परीक्षण आहे.

कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. त्यांचे बहुतेक काम मोठ्या कंपन्यांच्या फिक्स्चरचे (नग पकडून ठेवणाऱ्या साच्यांचे) असते आणि एकेका नगाचे काम घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींची दारात रांग लागावी, अशी त्यांची इच्छा नाही. अंबड आणि सातपूर या दोन्ही वसाहतींत प्लॅनो मिलर, म्हणजे मोठे जॉब टेबलावर बसवून फिरत्या कटरने त्यांचा पृष्ठभाग सपाट करणारे यंत्र, बाळगणारे इतरही कारखाने आहेत. त्यामुळे पत्त्यापेक्षा तेथे गेल्यावर काय मागावे आणि काय तपासून घ्यावे, याचाच वाचकांना अधिक उपयोग होईल, असे मला वाटते.

आधी यंत्राविषयी थोडे. इंदिरानगरमधील घराच्या गॅरेजमध्ये १२०० बाय ८०० मिलिमीटर कामाच्या क्षेत्राचा राउटर बांधायचे मी ठरवले, तेव्हापासून आमची गाडी रस्त्यावरच्या झाडाखाली उभी आहे. लाकडी देव्हाऱ्यांची कोरीव दारे, ॲल्युमिनियमची टेम्प्लेट आणि अधूनमधून पितळी ठसे, असे कामाचे स्वरूप असणार होते. सांगाड्यासाठी १०० बाय १०० मिलिमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप वापरला. त्याचे वजन मीटरमागे सुमारे १७ किलो भरते. रेल जिथे बसणार तिथे पाइपवर १६ मिलिमीटर जाड पट्ट्या वेल्ड केल्या, कारण पाइपची भिंतच मिलिंगमध्ये खाल्ली गेली, तर आटे पाडायला पुरेसे लोखंड उरत नाही. गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल, हीही पोलादाचीच ठेवली. ॲल्युमिनियमच्या हलक्या गॅन्ट्रीचा मोह झाला होता. परंतु ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि आमच्या गॅरेजवर पत्रा आहे. जानेवारीत निफाडचा पारा वर्तमानपत्रात झळकतो, त्या दिवसांतली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांत २५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने १.२ मीटर लांबीच्या ॲल्युमिनियममध्ये आणि त्यावर बोल्टने आवळलेल्या पोलादी रेलमध्ये सुमारे ०.३३ मिलिमीटरची तफावत येते आणि दोन्ही मिळून कमानीसारखे वाकू पाहतात.

या कारखान्यात मी थेट गेलो नाही, आधी पैसे वाचवण्याचा प्रयत्न करून पाहिला. पातळ इपॉक्सी ओतून पृष्ठभाग समतल करण्याची युक्ती हौशी बांधणाऱ्यांमध्ये बरीच प्रचलित आहे. द्रव आपोआप समपातळीत येतो, हे तिचे तत्त्व बिनचूक आहे आणि दोन रेलांच्या साच्यांना जोडणारा एक पाट काढला, की दोन्ही बाजू एकाच पातळीत येतात, हेही खरे आहे. पण साच्याच्या कडेला द्रव वर चढतो, त्यामुळे कडेचा भाग वाया जातो. रेलचे बोल्ट आवळल्यावर माझ्या थरात दोन ठिकाणी ०.१२ मिलिमीटरपर्यंत दब पडली. शिवाय रेल बाजूने टेकवण्यासाठी जो सरळ खांदा लागतो, तो इपॉक्सी ओतून मिळतच नाही. रेलवर सरकणारी गाडी त्या दोन जागी अडखळत असे आणि मी भाबडेपणाने अधिक ताकदीच्या मोटरचा विचार करू लागलो होतो. मोटर कितीही दांडगी घेतली, तरी ती गाडीला रेलच्याच वाटेने नेते. वाट वाकडी असेल तर दांडगी मोटर तीच वाकडी वाट जोर लावून चालते, एवढाच काय तो फरक. शेवटी तो थर खरवडून काढण्यात माझे दोन रविवार गेले.

मिलिंगपूर्वी सांगाड्याचे स्ट्रेस रिलीव्हिंग, म्हणजे तापवून आतला ताण घालवणे, करून घ्यावे, अशी सूचना कारखान्याच्या मालकांनी पहिल्याच भेटीत केली. वेल्डचे लोखंड थंड होताना आकसते आणि शेजारच्या धातूला ओढून धरते. माझ्या दीड मीटरच्या सांगाड्यात त्यामुळे १.४ मिलिमीटरचा बाक आला होता. अशा ओढलेल्या सांगाड्यावर मिलिंग केले, तर कापलेल्या थराबरोबर ताणाचा तोल बिघडतो आणि आज सरळ दिसणारा पृष्ठभाग पुढे हळूहळू वाकतो. त्यांनी शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पाठवले. तेथे सांगाडा ६२० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवून भट्टीतच सावकाश थंड करण्यात आला. भट्टीत नेण्यापूर्वी दोन्ही टोके बंद असलेल्या प्रत्येक पाइपला एक लहान छिद्र पाडून घ्यायला सांगण्यात आले, कारण आत कोंडलेली तापलेली हवा बाहेर पडायला वाट लागते. ही गोष्ट माझ्या आराखड्यात नव्हती.

आता मुख्य कामाकडे येतो. मशीनवर एक वयस्कर ऑपरेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मी ड्रॉइंग पुढे करून दोन्ही रेलांच्या पट्ट्यांची सपाटी ०.०३ मिलिमीटरच्या आत हवी, असे सांगू लागलो, तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवले आणि म्हणाले, “साहेब, कट मारणं सोपं आहे. हा टेबलावर बसतो कसा, ते आधी बघू.” पुढचे दोन तास कटर फिरलाच नाही. सुरुवातीला मला तो कालापव्यय वाटला. प्रत्यक्षात माझ्या पैशांचे सर्वांत मोठे मोल त्याच दोन तासांत झाले, असे आज मला वाटते.

वेल्ड केलेला सांगाडा टेबलावर चारही कोपऱ्यांनी टेकत नाही, एक कोपरा अधांतरी राहतो. क्लॅम्प आवळून तो कोपरा खाली ओढला, तर मिलिंग होईपर्यंत सगळे सपाट दिसते आणि क्लॅम्प सोडताच सांगाडा पूर्वपदावर येऊन कापलेला पृष्ठभाग पीळ खातो. चार पायांचा पाट डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाही. मामांनी नेमके हेच तत्त्व वापरून सांगाडा प्रथम तीन ठोकळ्यांवर टेकवला. मग उरलेल्या जागांखाली फीलर गेजने (वेगवेगळ्या जाडीच्या पात्यांच्या मापकाने) फट मोजून तेवढ्याच जाडीच्या शिम (पत्र्याचे पातळ तुकडे) सरकवल्या आणि क्लॅम्प बरोबर त्या शिमांच्या वरच लावले, म्हणजे दाब सरळ खाली जाईल आणि सांगाडा वाकणार नाही. प्रत्येक क्लॅम्प आवळताना जवळ बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारा डायल लावलेला होता. काटा हलला की क्लॅम्प सोडून शिम बदलायची, असा क्रम चालला होता.

मोठा भाग काढून झाल्यावर त्यांनी सगळे क्लॅम्प सैल केले. माझ्या पोटात गोळा आला, कारण मला वाटले की काम अर्धवट सोडून दुसऱ्याचा जॉब चढवणार. डायलवर एक कोपरा ०.१८ मिलिमीटर वर आलेला दिसला. पहिल्या जाड कटात सांगाडा तेवढा खेचला गेला होता. त्यांनी शिम पुन्हा बसवल्या, क्लॅम्प या वेळी बेताने आवळले आणि ०.२ मिलिमीटरचा शेवटचा कट मारला. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि रेल टेकवण्याचा साडेतीन मिलिमीटर उंचीचा खांदा हे सर्व सांगाडा न हलवता, एकाच सेटिंगमध्ये झाले. समांतरतेसाठी हीच गोष्ट आग्रहाने मागावी. एक बाजू करून सांगाडा फिरवला आणि मग दुसरी केली, तर नव्या सेटिंगची चूक त्यात मिसळल्याशिवाय राहत नाही.

घरी आल्यावर रेल बसवून तपासणी केली. एका रेलवरून गाडी फिरवत दुसऱ्या रेलवर डायल टेकवला, तेव्हा संपूर्ण १४०० मिलिमीटरच्या प्रवासात उंचीतील फरक ०.०३ आणि बाजूचा फरक ०.०२ मिलिमीटर भरला. मी वापरलेले बॉल स्क्रू सी-७ श्रेणीचे आहेत आणि त्या श्रेणीत ३०० मिलिमीटरमागे ०.०५ मिलिमीटरची चूक गृहीतच असते, म्हणजे सांगाडा आता स्क्रूपेक्षा अधिक अचूक आहे. गॅन्ट्री काटकोनात लावताना ६०० बाय ८०० चा आयत आखून त्याचे दोन्ही कर्ण मोजले. ते १००० मिलिमीटर यायला हवेत आणि दोन्हींत ०.१ मिलिमीटरहून कमी फरक राहिला. ॲल्युमिनियमवर ६ मिलिमीटरचा दोन दातांचा कार्बाइड कटर १८,००० फेऱ्यांवर, मिनिटाला १५०० मिलिमीटर वेगाने चालवला, तर आवाज एकसुरी येतो आणि कापलेल्या भिंतीवर लाटा दिसत नाहीत. गाडी आता हाताने ढकलली तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने सरकते. मोठ्या मोटरचा विषय तिथेच संपला.

तक्रारी मात्र आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली छिद्रांची. २० मिलिमीटरच्या रेलला ६० मिलिमीटर अंतरावर एम-५ चे बोल्ट लागतात. बेडवर (खालच्या सांगाड्यावर) ५० आणि गॅन्ट्रीवर ४० अशी एकूण ९० छिद्रे आटे पाडून हवी होती. यातील एका ओळीची शेवटची ७ छिद्रे ०.७ मिलिमीटर सरकली. रेलचे छिद्र ६ मिलिमीटरचे असते, म्हणजे ५ मिलिमीटरच्या बोल्टला प्रत्येक बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर मोकळीक मिळते. ते सात बोल्ट बसेनात. चौकशी केल्यावर कळले की, पाळी बदलल्यावर दुसऱ्या ऑपरेटरने शून्य कापलेल्या खांद्यापासून न धरता पाइपच्या कच्च्या टोकापासून धरले होते. कारखान्याने चूक लगेच मान्य केली, ती छिद्रे मोठी करून त्यांत एम-८ आट्यांचे तुकडे भरून बसवले, त्यांचे माथे पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवले आणि नव्याने छिद्रे पाडून दिली. त्यासाठी एक पैसाही घेतला नाही. पण त्यात आणखी नऊ दिवस गेले आणि छोट्या हत्तीची आणखी एक फेरी माझ्या खिशातून झाली.

दुसरी तक्रार गंजाची. सांगाडा जुलैत मिळाला. नुकतेच मिलिंग केलेले उघडे लोखंड तेल न लावताच ताडपत्रीखाली घालून दिले गेले आणि इंदिरानगरला पोहोचेपर्यंत सरींनी आपले काम केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यांवर तांबूस पुटकुळ्या दिसल्या. ऑइलस्टोनने हलक्या हाताने त्या निघाल्या, मापात फरक पडला नाही, परंतु पाच रुपयांच्या तेलाने टळणारी ही गोष्ट होती. कडांची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार किनार, तीही काढलेली नव्हती. माझ्या डाव्या अंगठ्यावर तिची खूण आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी तक्रार वेळेची. आठ दिवसांत देतो असे सांगितलेले काम ३१ दिवसांनी मिळाले. नेहमीच्या ग्राहकाचा जॉब आला की माझा सांगाडा कोपऱ्यात जाई. फोन केला की “उद्या लावतो” हे उत्तर इतक्या निष्ठेने मिळे की, पुढे पुढे मी फोन न करता सरळ जाऊन बसू लागलो. समोर माणूस बसलेला असला की काम सरकते, असा माझा अनुभव आहे. नोकरी करणाऱ्याला हे परवडणार नाही.

पैशांच्या बाबतीत व्यवहार स्वच्छ होता. मिलिंगचे १३ तास, ताशी ९५० रुपये याप्रमाणे १२,३५० रुपये आणि छिद्रे व आटे यांचे ३,२०० रुपये झाले. सेटिंगचे दोन तास या १३ तासांतच धरलेले होते. पक्के बिल न मागता मिळाले. स्पिंडल आणि व्हीएफडीच्या जोडीला मी याच्या जवळजवळ दुप्पट मोजले होते. आज पुन्हा यंत्र बांधायचे झाले, तर मी लहान स्पिंडल घेईन, पण मिलिंगवरचा खर्च कमी करणार नाही.

केवळ लाकूड आणि एमडीएफ कापणाऱ्याला या सेवेची गरज नाही. त्याने इपॉक्सीवर किंवा शिमवर भागवले तरी दाराच्या नक्षीत फरक दिसणार नाही. ॲल्युमिनियम आणि पितळ नियमितपणे कापायचे असेल, तर मात्र दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही. कामाच्या दर्जासाठी पाचपैकी साडेचार आणि वेळेसाठी दीड असे गुण मी देईन. जाण्यापूर्वी ड्रॉइंगवर शून्य कोठून धरायचे ते ठळकपणे लिहावे, एकाच सेटिंगचा आग्रह धरावा आणि सोबत तेलाची बाटली न्यावी.

झेड अक्षाची, म्हणजे स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या भागाची, २५ मिलिमीटर जाडीची प्लेट मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडेच टाकून आलो आहे. दसऱ्यापूर्वी देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. मी दिवाळी धरून चाललो आहे.