झाहो द सागाझानचा पहिला अल्बम: महिनोन्महिने ऐकल्यावर

मार्च २०२३ मध्ये आलेला 'ला सँफोनी देझेक्लेर' मी गेल्या पावसाळ्यापासून ऐकतोय. गायिका फ्रान्समधल्या साँ-नाझेरची, म्हणजे ल्वार नदीच्या मुखाशी असलेल्या जहाजबांधणीच्या गावची. जन्म डिसेंबर १९९९चा. २०२४च्या 'व्हिक्तुआर' या फ्रेंच संगीत पुरस्कारांत या पहिल्याच अल्बमच्या जोरावर तिने चार बक्षिसं नेली, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचंही. मग कान चित्रपट महोत्सवात गाणं झालं, पॅरिस ऑलिंपिकच्या समारोपात झालं. एवढा गाजावाजा झालेली गाणी पुन्हापुन्हा ऐकल्यावर टिकतात का? बरीचशी टिकतात.

पहिल्यांदा पकडतो तो आवाज. वयाच्या मानाने भलताच खालच्या पट्टीतला, 'र' ठसक्यात घोळवणारा. बार्बरा आणि ब्रेल यांच्या जुन्या फ्रेंच गाण्यांचे संस्कार लपत नाहीत. पण खाली वाजतं ते क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या घराण्यातलं: सिंथेसायझर, एकसुरी ठेका, हळूहळू वाढत जाणारा दाब. हे लग्न कागदावर जुळणार नाही असं वाटतं, कानाला मात्र जुळतं.

'आस्पिरास्यों' हे गाणं मी सर्वांत जास्त वेळा लावलं असेल. विषय काय, तर शेवटची सिगारेट, जी शेवटची कधीच नसते. ठेका असा गोल फिरत राहतो की सवय म्हणजे काय ते शब्दांआधी कळतं. 'ले दोर्मांत' त्याहून जड आहे. माणसाला गोड बोलून पोखरणाऱ्या नात्याबद्दल ती इतक्या शांतपणे गाते की अंगावर येतं. माझं फ्रेंच कामचलाऊ. पहिले काही आठवडे नुसता सूर ऐकला, मग शब्द समोर ठेवून बसलो आणि या दोन गाण्यांची उंची वाढली.

उलट, शीर्षकगीत आधी जुनं झालं. वादळासारखं रडणारं पोर, त्याच रडण्याचं पुढे झालेलं गाणं, कल्पना सुरेख आहे. पण चाल पहिल्या ऐकण्यातच सगळं देऊन टाकते. 'त्रिस्तेस' नाचायला उत्तम, 'ले गार्सों' खट्याळ. उत्तरार्धातली संथ गाणी मला एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात, तिथे मी सरळ पुढे जातो. (बायकोला नेमकी तीच आवडतात.)

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचा बेस गेला की निम्मा अल्बम गेला. साधे पण बरे हेडफोन पुरतात. कारमध्येही छान लागतो, मात्र ट्रॅफिकमध्ये 'ले दोर्मांत' टाळा. नंतर निघालेल्या वाढीव आवृत्तीची घाई नको, आधी मूळ तेरा गाणी पचू द्या. आणि फ्रेंच पॉप म्हणजे हलकंफुलकं, कॅफेत वाजणारं काहीतरी हवं असेल, तर दुसरं कुणी शोधा.