बिलातली शेवटची ओळ तेवढी खरी होती

आमचा दहाचाकी ट्रक आहे, २०१८ चं बीएस-फोर मॉडेल, सहा सिलिंडर, कॉमन रेल. म्हणजे एकाच नळीत, रेलमध्ये, जबर दाबानं डिझेल भरलेलं असतं आणि प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर ते आत फवारतो. कोल्हापुरातून गूळ भरून गुजरातला जाते, येताना मिळेल ते भाडं. गाडीवर अण्णा आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. दिवाळीनंतरच्या एका फेरीत मनोरच्या पुढं गाडीनं दम सोडला. अण्णांचा फोन आला, "स्टार्टिंग एका सेल्फमध्ये आहे, उभ्याला एकदम गुळगुळीत चालतीय, धूर नाही. पण चढ लागला की बसते. पंधराशे आरपीएमच्या वर जातच नाही."

हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर हा सगळा पसारा लिहावा लागला नसता. धूर नाही, मिसिंग (एखादा सिलिंडर बंद पडणं) नाही, फक्त लोडवर ओढत नाही, म्हणजे आधी डिझेल फिल्टर बघायचा. हे मलाही ठाऊक होतं. पण तिकडं पार्टीचे फोन चालू होते, मी दुकानात बसलो होतो आणि मी म्हणालो, "जवळ कुणी मिस्त्री असेल त्याला दाखवा."

मिस्त्री ढाब्याशेजारीच होता. त्यानं गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावला, मग मला फोन. "शेठ, रेलचं प्रेशर पडतंय. इंजेक्टर गेलेत. असंच चालवलं तर पिस्टनला भोक पडेल." पिस्टन म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, हे त्याला पक्कं माहीत असणार.

वडिलांच्या काळात असं सहज फसवता येत नव्हतं. कॉमन रेलच्या आधीच्या, पंपाच्या इंजिनाला ते चालू इंजिनवर एकेक पाईपचा नट ढिला करायचे. ज्या नोझलचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, ती नोझल मेली. ती नोझल उघडायची दोनशे-अडीचशे बार दाबाला. कॉमन रेलमध्ये सोळाशे बारच्या घरात दाब असतो, चालू इंजिनवर नट सोडला तर डिझेलची धार कातडीत घुसते. त्यामुळं ड्रायव्हरच्या हातात काही उरलं नाही. स्कॅनरवाला म्हणेल ते खरं.

त्या मिस्त्रीनं इंजिनवरचं टॅपेट कव्हर काढून सहाच्या सहा इंजेक्टर काढले, एका बादलीत घातले आणि पोरगा मोटरसायकलवरून "टेस्टिंगला" घेऊन गेला. कुठल्या दुकानात, ते अण्णांनी विचारलं. "इथंच, जवळच." अण्णा गाडी सोडून जाऊ शकत नव्हते, मागं गूळ होता. दोन तासांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. टेस्ट बेंचवर एक इंजेक्टर, फवारा धड नाही, टोकाला थेंब लोंबतोय. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. तो इंजेक्टर माझ्याच गाडीचा कशावरून, हे एकदाही डोक्यात आलं नाही!

दोन गेले, चार चांगले, असा निकाल लागला. नवा एकवीस हजार, रिकंडिशन अकरा. मी रिकंडिशनला हो म्हणालो. संध्याकाळी गाडी सुटली, ढेकळासारखी बसणारी गाडी चढाला पळायला लागली. अण्णा खूश, मी खूश. कच्चं बिल होतं : दोन इंजेक्टर २२,०००, टेस्टिंग ४,८००, रेल सफाई ३,५००, मजुरी ६,०००, वॉशर-ओरिंग ९००, आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, डिझेल फिल्टर १,१५०. एकूण ३८,३५०. पैसे गॅरेजच्या नावावर नाही, त्याच्या मोबाईल नंबरवर गेले.

परतीच्या फेरीत अ‍ॅव्हरेज लिटरला सव्वाचार किलोमीटरवरून साडेतीनला आलं. सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर आणि टकटक आवाज. कोल्हापुरात आल्यावर अण्णांनी ऑइलची पट्टी काढली तर लेव्हल वाढलेली. पट्टीला डिझेलचा वास. इंजिन ऑइल पीत असेल तर समजतं, इथं ऑइल वाढत होतं.

उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी आधी सहा बाटल्या बांधून रिटर्न बघितला, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल न फवारता परत सोडतो ते. जास्त परत आलं की इंजेक्टर झिजलेला. तीन बाटल्या भराभर भरल्या, बाकीच्यांतही बेताचंच. मग त्यांनी कव्हर काढलं, फडक्यानं इंजेक्टरची डोकी पुसली आणि मला म्हणाले, "टॉर्च धर, नंबर वाच."

आमच्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड कोरलेला असतो आणि तोच कोड गाडीच्या कॉम्प्युटरला दिलेला असतो, कुठल्या सिलिंडरला किती डिझेल सोडायचं ते त्यावरून ठरतं. मी वाचत होतो, ते स्कॅनरच्या स्क्रीनवर बघत होते. एक, जमत नाही. दोन, नाही. तीन, नाही. दोन बदलले असते तर चार तरी जुळायला हवे होते. एकही जुळला नाही.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "दोन नव्हं, सहा बदलल्यात. आणि नवीन कोड बी घातलं नाहीत." माझे चांगले सहा ढाब्याजवळच्या मिस्त्रीनं ठेवून घेतले आणि भंगारातले सहा बसवून वर माझ्याकडूनच पैसे घेतले. गाडी मग ओढायला कशी लागली? फिल्टरमुळं. पाणी आणि गाळानं तुंबलेला फिल्टर त्यानं गुपचूप बदलला होता. आजार १,१५० चा होता. इंजेक्टर, ऑइल, मजुरी धरून मला पुढं १ लाख १२ हजार बसले, आणि मिस्त्रींच्या मते आणखी एखादी फेरी झाली असती तर लायनर-पिस्टनही गेले असते.

गॅरेजवाल्याला फोन केला. "इलेक्ट्रिक पार्टला गॅरंटी नसते शेठ." नंतर नंबर ब्लॉक. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तिथली बाई नीट बोलली, पण पहिला प्रश्न बिलाचा. जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही, जुन्या पार्टची पोच नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते, पण कागद लागतोच.

आता गाडीत सीटखाली एक डिझेल फिल्टर कायम असतो आणि फिल्टरच्या बुडाचं पाणी अण्णा दर फेरीला सोडतात. इंजिनच्या हेडला कुणी हात लावायच्या आधी इंजेक्टरच्या कोडचे फोटो काढायचे, पार्ट टेस्टिंगला गेला तर मोटरसायकलवर मागं आपला माणूस बसवायचा, असं त्यांना सांगितलंय. अण्णा म्हणाले, "आणि गूळ कोण राखणार?" ते उत्तर माझ्याकडं अजून नाही. बहुतेक गाडी टोचन करून ओळखीच्या ठिकाणी न्यावी लागेल, तरी ते स्वस्तच पडेल.

माझे सहा इंजेक्टर आत्ता कुणाच्या तरी गाडीत अकरा-अकरा हजाराला "रिकंडिशन" म्हणून बसले असतील. त्यांचे कोड मी स्कॅनरवरून उतरवून ठेवलेत.