प्रोपेन, हीट पंप आणि भाड्याची टाकी: दोन हिवाळ्यांनंतरचा हिशोब

हा रिव्ह्यू खरं तर हीट पंपचा (विजेवर घर गरम आणि गार करणारं मशीन) आहे पण मी प्रोपेन गॅसच्या भाड्याच्या टाकीवरच जास्त बोलणारे, आधीच सांगतो. कारण गेल्या वर्षी मे महिन्यात प्रोपेनवाल्या कंपनीचं पत्र आलं की तुमचा वापर कमी झालाय म्हणून तुमची कॅटेगरी बदलली, आता दर ३.७९ नाही, ४.२९ डॉलर गॅलन, आणि वर टाकीचं वर्षाचं भाडं १२० डॉलर. म्हणजे मी सात-आठ हजार घालून गॅस वाचवला आणि त्याबद्दल मला दंड. चहा हातातच गार झाला.

घर न्यू हॅम्पशायरमध्ये, नॅशुआपासून वीसेक मिनिटांवर, साधारण गॅसची पाइपलाइन संपते तिथून पुढे. २१०० स्क्वेअर फूट, २००३ सालचं बांधकाम, फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) ९५ टक्के एफिशियन्सीची, गरम पाण्याला टँकलेस हीटर (लागेल तसं पाणी तापवणारा), सगळं प्रोपेनवर. घर घेताना आम्ही शाळा बघितली, किचन बघितलं, बॅकयार्ड बघितलं, आणि त्या बॅकयार्डात झुडपामागे ५०० गॅलनची पांढरी टाकी उभी होती ती कोणाची आहे हे विचारायचं डोक्यातही आलं नाही. घराबरोबर आली म्हणजे घराचीच असणार ना. तर नाही. टाकी कंपनीची, आणि टाकी ज्याची त्यानेच भरायची, दुसऱ्या कोणाचा ट्रक तिला हात लावू शकत नाही. आपण फक्त तिला सांभाळायचं, तिच्याभोवतीचा बर्फ काढायचा आणि ते सांगतील तो दर द्यायचा.

आई साताऱ्याहून आली होती त्या वर्षी, तिला मी कौतुकाने सांगायला गेलो की ५०० गॅलनची टाकी असली तरी ८० टक्केच भरतात, ४०० गॅलन, कारण उन्हात लिक्विड फुगतं आणि त्याला जागा लागते (मला सुरुवातीला वाटलेलं की हे पण लुबाडायचंच काहीतरी आहे, पण ते खरंच सेफ्टीसाठी असतं). ती म्हणाली आपल्या सिलिंडरात सांग. मग बसून काढलं, गॅलनला ४.२ पाउंड, म्हणजे भरलेल्या टाकीत साधारण ७६० किलो, आपले १४.२ किलोवाले घरगुती सिलिंडर ५३-५४. आणि आमचा अख्ख्या वर्षाचा वापर ९४० गॅलन, म्हणजे सव्वाशे सिलिंडर. आई दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाली, "अरे, सव्वाशे सिलिंडरात गावजेवणं उठली असती, आणि तरी मी स्वेटर घालूनच बसलेय."

तर ते ९४० गॅलन गुणिले ३.७९, ३५६३ डॉलर. त्या आकड्यामुळे २०२४च्या ऑक्टोबरमध्ये हीट पंप बसवला. बाहेर एक युनिट, आत गरम हवा सोडणारी दोन युनिटं, म्हणजे हेड, एक खाली लिव्हिंग रूममध्ये आणि एक वर. थंड प्रदेशासाठीचं मॉडेल. स्पेक्स सगळ्यांना माहीत असतील, ते लिहीत नाही. बिल ९८००, त्यातले २००० फेडरल टॅक्स क्रेडिटमधून परत, म्हणजे ७८००. ते क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ला बंद झालं, त्यामुळे आता कोणी बसवत असेल तर माझा आकडा धरू नका.

पहिले दोन महिने मी दिसेल त्याला सांगत सुटलो होतो. मराठी मंडळाच्या दिवाळीत तर ज्याने फक्त "काय म्हणतोस" विचारलं त्याला पण सीओपी, म्हणजे विजेच्या किती पट उष्णता मिळते तो आकडा, समजावून आलो. एक युनिट वीज आत जाते आणि अडीच-तीन युनिट उष्णता घरात येते, कारण ते उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतं, आपला फ्रिज उलटा लावल्यासारखं. आवाज जवळपास नाही. फर्नेस चालू झाली की डक्टमधून जो धडधडाट आणि मग वीस मिनिटांनी पुन्हा गारठा, ते सगळं गेलं, सावकाश एकसारखी ऊब.

दोन गोष्टी मात्र कोणी सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे हेडमधला सेन्सर वर छताजवळ, गरम हवा पण छताजवळच, त्यामुळे मशीनला वाटतं ७० फॅरनहाइट झालं आणि सोफ्यावर आपण ६६ मध्ये. रिमोटवर ७३-७४ ठेवा, तेव्हा खाली ७० मिळतं. ही चूक आहे की अशीच सिस्टीम आहे यावर इन्स्टॉलरशी दोनदा वाद घातला, तो म्हणाला वेगळा वॉल थर्मोस्टॅट घ्या, पैसे वेगळे. नाही घेतला. आकडा बघायचं सोडून दिलं की त्रास होत नाही.

दुसरं म्हणजे डिफ्रॉस्ट. दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो तो वितळवायला मशीन थोडा वेळ उलटं चालतं, आणि तेव्हा त्यातून वाफेचा लोट निघतो. आई सकाळी साडेसहाला खिडकीशी उभी होती, मी बाथरूममध्ये, आणि एकदम हाक, "अरे ये लवकर, ते मशीन पेटलं!" मी तसाच ओल्या अंगाने पळत. बाहेर पांढरा ढग, खाली पाणी ठिबकतंय, पाच मिनिटांत सगळं शांत. तिचा विश्वास बसला नाही तो नाहीच, नंतर पण धूर आला की ती मला फोटो पाठवायची, त्याच घरातून, वरच्या मजल्यावर.

हां, तर टाकी. त्या पहिल्या हिवाळ्यात गॅस ९४०वरून ४१०वर आला. ५३० गॅलन वाचले म्हणजे २००० डॉलर, त्याच्यासमोर वीज वाढली ५२०० युनिट, आमच्याकडे सगळे चार्जेस धरून २४ सेंट युनिट पडतं, १२४८ डॉलर. साडेसातशेच्या आसपास निव्वळ फायदा. वाईट नाही, असं मी एक्सेलमध्ये हिरव्या रंगात लिहून ठेवलं होतं. डिसेंबरमध्येच खरं तर वास यायला हवा होता, गॅसचा नाही, कंपनीचा. ऑटोमॅटिक डिलिव्हरी होती, म्हणजे ते थंडीचे डिग्री डेज (किती दिवस किती थंडी पडली याचं माप) आणि आपला जुना वापर यावरून अंदाज बांधतात आणि ट्रक पाठवतात. गेज ६४ टक्के असताना ट्रक आला, ८० गॅलन टाकून गेला. मी फोन केला की बाबांनो मी हीट पंप बसवलाय, आता इतकं लागत नाही. तिकडून अगदी गोड आवाजात "नोट केलंय". नोट केलं ते असं की मे महिन्यात पत्र.

पत्रानंतर तीन फोन झाले. पहिलीला माहीत नव्हतं. दुसऱ्याने सांगितलं की दर वापरावर ठरतो, जास्त गॅलन तर कमी दर, हे ॲग्रीमेंटमध्ये आहे, आणि ते होतं, घर घेतलं तेव्हा मीच सही केलेली, पान तीन. तिसरीला मी विचारलं की मग मी दुसऱ्याकडून गॅस घेतो, तर ती म्हणाली जरूर घ्या, आमची टाकी आम्ही घेऊन जाऊ. आणि त्यात जो गॅस उरलाय त्याचं काय? त्याचे पैसे परत नाहीत. ते पण पान तीन.

त्याच आठवड्यात शेजारचे म्हातारे कुत्र्याला घेऊन चालले होते त्यांना सहज विचारलं तुम्ही काय देता. २.५९. तोच रस्ता, तसलीच टाकी, तोच प्रोपेन, बहुतेक त्याच टर्मिनलवरून उचललेला. फरक एवढाच की टाकी त्यांची स्वतःची, वीस वर्षांपूर्वी घेतलेली, आणि दर उन्हाळ्यात ते चार ठिकाणी फोन करतात आणि जो स्वस्त त्याच्याकडून प्री-बाय करतात, म्हणजे हिवाळ्याचा गॅस आधीच दर ठरवून घेऊन ठेवतात. मी इतकी वर्षं त्यांना रोज हॅलो म्हणतोय! राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ एनर्जीच्या साइटवर प्रोपेनचा सरासरी भाव येतो तो पण मी कधी बघितला नव्हता. वांग्याला पाच रुपये जास्त लावले तर मंडईत दुसऱ्या गाळ्यावर जाणारी माणसं आपण.

मग ऑगस्टमध्ये स्वतःची टाकी घेतली. ५०० गॅलन, जमिनीवरची, टाकी, रेग्युलेटर, खालचे काँक्रीटचे ब्लॉक, लाइन जोडणं, प्रेशर टेस्ट, परमिट धरून २९०० डॉलर. या साइजची टाकी घरापासून किमान १० फूट लांब लागते, आमची जागा तीच राहिली म्हणून पाइप नवा खणावा लागला नाही. ज्यांची टाकी जमिनीखाली आहे त्यांचं प्रकरण वेगळं आणि महाग, बऱ्याचदा तीच टाकी कंपनीकडून विकत घ्यायला लागते. जुनी टाकी मी मुद्दाम रिकामी होऊ देत होतो, रोज झाकण उघडून गेज बघायचो, बायको म्हणायची अरे दुधाकडे पण कधी एवढं लक्ष दिलं नाहीस. तरी शेवटी ११ टक्के राहिलाच. ५५ गॅलन. त्यांच्या नव्या दराने २३६ डॉलरचा माझा गॅस क्रेनला लटकून माझ्यासमोर गेला आणि ड्रायव्हरने मला हात केला. मी पण केला, त्याची काय चूक.

आता खरी गंमत. स्वतःची टाकी, गॅस २.५९ने प्री-बाय, आणि मी सगळा हिशोब पुन्हा मांडला तर हीट पंपचा जो हिरवा आकडा होता तो पिवळा व्हायला लागला. सोपं सूत्र सांगतो, ९५ टक्केवाली फर्नेस असेल तर विजेचा दर गुणिले साडेपंचवीस, भागिले सीओपी. जो आकडा येईल त्यापेक्षा तुमचा गॅलनचा दर जास्त असेल तर हीट पंप चालवा, कमी असेल तर फर्नेस. माझं ०.२४ गुणिले २५.५ म्हणजे ६.१२. (साधा इलेक्ट्रिक हीटर लावला तर सीओपी एक, म्हणजे ६.१२ डॉलर गॅलनचा गॅस जाळल्यासारखं आहे, बेसमेंटमध्ये स्पेस हीटर ठेवून विसरणाऱ्यांनी हे वाचावं, आमच्याही घरात एक जण आहे.) गॅस ३.७९ला होता तेव्हा सीओपी १.६ असला तरी पंप परवडायचा, म्हणजे अगदी कडाक्यात सुद्धा. २.५९ला किमान २.३६ सीओपी हवा, आणि माझ्या मशीनचा तो साधारण २० फॅरनहाइटच्या खाली मिळत नाही.

म्हणून या हिवाळ्यात नियम केला, २०च्या वर पंप, खाली फर्नेस. रात्री शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सिअस असते तेव्हा फर्नेसचा तो धडधडाट पुन्हा ऐकायला बरं पण वाटलं खरं सांगायचं तर. गॅस गेला ५६० गॅलन, १४५० डॉलर, विजेचे जास्तीचे ७७५. एकूण २२२५. आता समजा मी हीट पंप बसवलाच नसता आणि पहिल्याच वर्षी नुसती टाकी बदलली असती तर? ९४० गुणिले २.५९, २४३५. म्हणजे ७८०० डॉलरच्या मशीनचा वर्षाचा फायदा २१० डॉलर. वसूल व्हायला सदतीस वर्षं. आणि २९००ची टाकी पंपाशिवाय अडीच-पावणेतीन वर्षांत फिटली असती. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती मराठी वाचते पण एवढं लांब वाचत नाही.

पण पंप काढून टाकणार का, तर नाही. जुलैमध्ये इथे जी चिकट उष्मा असते, त्यात आम्ही चार खिडक्यांना चार एसी अडकवायचो, दर जूनमध्ये माझी कंबर धरायची. ते चारही विकले. कूलिंगसाठी घेतलाय आणि हीटिंग फुकट मिळालंय असं धरलं तर मशीन उत्तम आहे. मी उलटं धरून घेतलं होतं.

बाकी पर्याय पण बघून झाले. पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या जाळणारा), टनाला ४० पाउंडच्या ५० पिशव्या, त्या गॅरेजमधून वाहायच्या कोणी? जिओथर्मलचं (जमिनीखालची उष्णता ओढणाऱ्या पंपाचं) कोटेशन बघून मिटवून ठेवलं. शेजारचे म्हातारे लाकडाचा स्टोव्ह ठेवतात, कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट लाकूड, ते रचायचं काम तेच हौसेने करतात. त्यांचं म्हणणं २००८च्या आइस स्टॉर्ममध्ये कितीतरी दिवस लाइट नव्हते तेव्हा या रस्त्यावर त्यांचंच घर गरम होतं. हा मुद्दा बरोबर आहे, लाइट गेले की हीट पंप बंद आणि फर्नेस पण बंद, कारण ब्लोअरला वीज लागते, टाकीत ४०० गॅलन असून कुडकुडायचं. त्यासाठी बेसमेंटला एक छोटा वीज न लागणारा प्रोपेन वॉल हीटर घ्यायचा विचार आहे. आणि या सगळ्याच्या आधी अटिकचं इन्सुलेशन करायला हवं होतं, एनर्जी ऑडिटवाल्याने दारात पंखा लावून ब्लोअर डोअर टेस्ट केली तेव्हा रिम जॉइस्टच्या (पायावर घराची लाकडी चौकट बसते तिथल्या कडेच्या) फटीतून हाताला अक्षरशः वारा लागत होता. ते काम मेमध्ये आहे.

जुन्या कंपनीचं परवा पत्र आलं. "वुई मिस यू". परत या, पहिल्या वर्षी १.९९ गॅलन. टाकी अर्थात त्यांची, बसवून फुकट. आता मी पान तीन आधी वाचतो.

राहता राहिलं गरम पाणी. टँकलेस अजून गॅसवर आहे आणि उन्हाळ्यात गॅस फक्त त्यालाच लागतो. इकडच्या थंडीत कोणी बेसमेंटमध्ये हीट पंपवाला वॉटर हीटर लावला असेल तर सांगा, तो बेसमेंटचीच उष्णता ओढतो ना, मग जानेवारीत खाली किती गार पडतं? आमच्याकडे लोणच्याच्या बरण्या आणि आईचं देवघर दोन्ही खालीच आहे.